दुखणे जाते मुंगीच्या पावलांनी

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखविलेली आहे. मीही दाखविली, आणि पुढे मराठीचा प्राध्यापक म्हणून बावीस वर्षे विद्यार्थ्यांकडून तिचा अर्थही लिहून घेतला. परंतु या म्हणीतील मुंगी म्हणजे नेमके काय, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तेही भोपाळात शाहपुऱ्यातील बहिणीच्या घरी अंथरुणावर पडल्यावर कळले. त्या आजारपणातून माझे एक मत बनले आहे. ते विद्यार्थिमित्रांपुढे, आणि त्याहूनही अधिक माझ्या प्राध्यापक बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गोष्ट फेब्रुवारी २०२३ मधील. एका चर्चासत्रात निबंध वाचण्यासाठी मी बेळगावहून गोवा एक्सप्रेसने भोपाळला गेलो. पुण्याला आमच्या डब्यात चढलेले एक गृहस्थ सारखे खोकत होते. चर्चासत्राच्या दुसऱ्या दिवशी निबंध निम्मा वाचून होतो न होतो तोच माझे दात वाजू लागले. संध्याकाळी ताईच्या घरी पोहोचलो तेव्हा ताप १०३ होता. दाजींनी आधी कोरोनाची तपासणी करून घेतली. ती निघाली नाही. त्या हंगामात देशभर इन्फ्लुएंझाचा एच३एन२ हा प्रकार फिरत होता. त्यानेच मला गाठले असावे. ताईच्या ओळखीचे वयस्कर डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले, "ताप तीन दिवसांत जाईल, खोकला तीन आठवडे राहील. अँटिबायोटिक मागू नका, त्याचा या विषाणूवर काही उपयोग नाही." पुढे मार्चमध्ये इंडियन मेडिकल असोसिएशननेही जाहीरपणे हाच सल्ला दिला. मनाविषयी डॉक्टर काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही, कारण तोपर्यंत मनाला काही झालेले नव्हते.

तापाच्या तीन दिवसांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. सर्वांग ठेचल्यासारखे दुखत होते, डोळे उघडवत नव्हते. पण ताप असतो तेव्हा माणसाला विचार करायला सवडच नसते. शिवाय घरातले सगळे उशापायथ्याशी असतात. ताई कपाळावर पट्ट्या ठेवी, दाजी दर चार तासांनी थर्मामीटर लावून कागदावर आकडा टिपून ठेवीत. चौथ्या दिवशी सकाळी पारा ९८ वर आला. दाजींनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चला, सुटलात तुम्ही!" घरातले वातावरण एकदम निवळले. दाजी बाजारात गेले, ताई आपल्या भजनी मंडळाला गेली. आणि माझे खरे दुखणे तिथून सुरू झाले.

ताईच्या घराच्या खिडकीतून शाहपुऱ्याचा तलाव दिसतो. भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाच्या नावाशी जोडलेला, पुरातन. हा त्या मानाने अगदी अलीकडचा आणि लहान. सकाळ-संध्याकाळ त्याच्या काठाने लोक फिरायला येतात. एरवी मी खिडकीशी बसून तासन्‌तास हे पाहिले असते. त्या दिवसांत मात्र ती फिरणारी माणसे पाहून मला संताप येई. हे कशासाठी चालतात? चालून कुठे पोहोचणार आहेत? ताईने रेडिओवर नाट्यगीत लावले की मी बंद करायला सांगे. चहा कडू, वरणभात मातीसारखा. मुलाचा फोन आला तर मी झोपेचे सोंग घेई. रात्री दोन वाजता जाग येई आणि छताकडे पाहत मी आयुष्याचा हिशेब मांडी. बावीस वर्षांत काय केले? तेच धडे, त्याच टिपणवह्या, तेच पेपर. प्रबंध अर्धवट राहिला. भोपाळला येऊन वाचलेला निबंधही अर्धवटच राहिला! अशा माणसाने वर्ग कशाला अडवून ठेवावा?

गंमत अशी, की यातले काहीही मला त्या वेळी आजार वाटत नव्हते. उलट, आजवर डोळ्यांवर झापड होती आणि आता प्रथमच स्पष्ट दिसू लागले आहे, असे वाटत होते. सहाव्या दिवशी चर्चासत्राच्या फाईलमधला कोरा कागद काढून मी नोकरीचा राजीनामा लिहिला. "वैयक्तिक कारणास्तव", एवढेच कारण. अक्षर चांगले आले होते.

ताईने तो वाचला. ती फारशी शिकलेली नाही, पण तिने चार बाळंतपणे, दोन शस्त्रक्रिया आणि सासूबाईंचे दीर्घ आजारपण पाहिलेले आहे. तिने वाद घातला नाही, उपदेशही केला नाही. म्हणाली, "आठ दिवस हा कागद माझ्यापाशी राहू दे. चांगला भाकरी खाऊ लागलास की माग, मी देते. मग खुशाल पाठव." आणि तिने तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिला. शेजारच्या वर्माआंटी भेटायला आल्या होत्या, त्याही म्हणाल्या, "कमजोरी है भैया, जाते-जाते जाएगी."

बाराव्या दिवशी मी दाजींबरोबर तलावापर्यंत चालत गेलो. वाटेत त्यांनी गाडीवरचा पेरू घेतला, वर तिखटमीठ. त्या पेरूला चव होती! घरी येऊन मी ताईला म्हटले, "तो कागद दे." ती माझ्याकडे पाहू लागली. मी तो वाचला आणि फाडून टाकला. वाचताना मला लाज वाटली नाही, भीती वाटली. कारण ताई तिथे नसती, मी एकटा कुठल्या वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत असतो, तर तो कागद गेला असता.

बेळगावला परतल्यावर आमच्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना मी हे सांगितले. त्यांना आश्चर्य वाटले नाही. त्यांनी जे समजावून दिले ते थोडक्यात असे. फ्लूचा विषाणू आपले बस्तान मांडतो ते मुख्यतः श्वसनमार्गाच्या अस्तरात. अंगदुखी, ग्लानी, अन्नावरची वासना उडणे ही बहुतांशी आपल्याच शरीराच्या प्रतिकाराची लक्षणे. विषाणूशी लढताना पेशी इंटरफेरॉन आणि तत्सम द्रव्ये सोडतात. इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी लावला, तोही फ्लूच्या विषाणूवरच काम करताना. ही द्रव्ये मेंदूलाही निरोप देतात: पडून राहा, खाऊ नको, कोणात मिसळू नको, कशात रस घेऊ नको. आजारी गाय कळपापासून दूर बसते ती याच निरोपामुळे. बेंजामिन हार्ट या पशुवैद्यक शास्त्रज्ञाने १९८८ साली असे मांडले की आजारी प्राण्याचे हे मरगळणे म्हणजे बिघाड नसून शक्ती वाचविण्याची शरीराची रीतच आहे. पुढे यकृताच्या काविळीवर इंटरफेरॉनची इंजेक्शने औषध म्हणून देऊ लागले, तेव्हा बऱ्याच रुग्णांना खिन्नतेने घेरलेले दिसले. म्हणजे, ज्या उदासीला मी माझे तत्त्वज्ञान समजत होतो तिच्यात या रसायनाचा वाटा मोठा होता. थर्मामीटर ताप मोजतो, हा निरोप मोजत नाही. पारा खाली आल्यावरही काही दिवस तो चालूच राहू शकतो.

हे ऐकता ऐकता मला एक चेहरा आठवला, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा तापाने आठवडाभर गैरहजर होता. खेड्यातला, वसतिगृहात राहणारा, निबंध चांगले लिहिणारा. परत आला तो शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसू लागला. मी निबंध मागितला. तो म्हणाला, "सर, अजून मन लागत नाही." मी भर वर्गात म्हटले, "ताप उतरला ना? मग मनाचे कौतुक पुरे." वर्ग हसला, मलाही आपली कोटी आवडली. त्याने निबंध दिला नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला तो पुढच्या सत्राला आलाच नाही. घरच्याही काही अडचणी होत्या असे त्याच्या मित्रांकडून कळले. माझ्या एका वाक्याने कोणी शिक्षण सोडले, असा दावा मी करीत नाही. पण त्याच्या कारणांत माझे वाक्य नव्हते, असे छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही. भोपाळहून आल्यावर मी त्याच्या गावच्या पत्त्यावर पत्र लिहिले. उत्तर आले नाही.

आपल्या लोकांना हे पूर्वी माहीत नव्हते असे नाही. १९१८ साली जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा देशात शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत त्याने हाहाकार उडविला. बेळगाव, धारवाड, विजापूर हे सारे तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. देशात १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत माणसे गेली असे निरनिराळे अंदाज आहेत. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षाही कमी भरली. हिंदीतील कवी निराला यांनी त्या साथीत पत्नी आणि घरातली अनेक माणसे गमावली. मराठी माणसाने त्या साथीला नाव दिले 'मानमोडी'. या नावात ताप नाही, खोकला नाही. उचलता न येणारी मान आहे. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेले सांगे, की मानमोडीतून उठलेल्या माणसाला महिनाभर कोणी काही बोलत नसे, कामाला जुंपत नसे. मृतांचे आकडे सरकारी अहवालात नोंदले गेले. जे उठले त्यांच्या मनाची नोंद कुणी ठेवली? साहित्यानेही या विषयाकडे पाठच फिरविली, अशी तक्रार व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ सालच्या आपल्या निबंधात केली होती.

आता माझे म्हणणे. आपल्याकडे आजार मान्य होतो तो ताप असेपर्यंतच. डॉक्टरचा दाखलाही तेवढ्याच दिवसांचा मिळतो. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम थर्मामीटरइतकाच आंधळा आहे. मला वाटते, फ्लूसारख्या तापातून उठलेल्या विद्यार्थ्याला पुढचे दोन आठवडे शिक्षकांनी हिशेबात धरू नये. वर्गात बसू द्यावे, पण निबंध मागू नये, फळ्यापाशी उभे करू नये, आणि सर्वांदेखत तर काहीच बोलू नये. वसतिगृहाच्या रेक्टरांनी तो जेवतो का, एकटाच पडून राहतो का, एवढे पाहावे.

यावर आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. मुले याचा फायदा घेतील, 'मन लागत नाही' ही नवी सबब होईल. घेतील काही जण. सबबी आजही कमी नाहीत. परंतु बावीस वर्षे मुलांचे चेहरे पाहणाऱ्याला सोंग कोणते आणि दुखणे कोणते हे बहुधा कळते. कधी फसलोच, तर एक निबंध पंधरा दिवस उशिरा येईल, याहून अधिक काय होणार? दुसऱ्या बाजूने चुकलो तर काय होते, ते मी वर लिहिले आहे.

विद्यार्थिमित्रांना दोनच गोष्टी सांगतो. ताप असताना शौर्य दाखवून वर्गात येऊ नका. तुमच्यामुळे शेजारच्या दहा जणांना तो होतो, हे गोवा एक्सप्रेसमध्ये मी शिकलो आहे. आणि ताप उतरल्यावरच्या दिवसांत कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. कॉलेज सोडण्याचा, मैत्री तोडण्याचा, घरी कडवट पत्र लिहिण्याचा मोह झालाच तर जरूर लिहा, पण कागद कोणा वडीलधाऱ्याच्या स्वाधीन करा. अन्नाला चव आली की परत मागा. तरीही दोन-तीन आठवड्यांत मन वर आले नाही, तर मात्र ते नुसत्या फ्लूचे समजू नका. न लाजता डॉक्टरांकडे जा.

आता वर्गात कोणी आजारातून उठून आला की मी "बरा झालास का?" असे विचारीत नाही. त्या प्रश्नाला 'हो' याखेरीज दुसरे उत्तर मुलाला देता येत नाही. "जेवण जाते का?" असे विचारतो. ताईपासून शिकलेला हा प्रश्न. परवा एका मुलीने मान हलवून "नाही, सर" म्हटले. मी तिला म्हटले, "मग निबंधाची घाई नाही."