आपल्या गच्चीवरचं जाळं

हौशी मंडळींनी स्वतःपुरतं उभारलेलं छोटं इंटरनेट जाळं, हा या अंकाचा मुख्य विषय. कल्पना हवेतली नाही. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरच्या खेड्यांत बिनतारी इंटरनेट नेलं आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिला क्रमांक पटकावला. त्यांच्या पाठीशी आयआयटी होती, हे खरंच. पण वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींना परवाना लागत नाही. उपकरण तेवढं मान्यताप्राप्त हवं. त्यामुळे घर आणि शेत जोडणं यवतमाळच्या हौशी माणसालाही जमण्यासारखं आहे.

आपल्याकडची खरी अडचण सागवानाची. उन्हाळ्यात पानं झडलेली असताना ठणठणीत चालणारी लिंक पावसाळ्यात सुपाएवढ्या ओल्या पानांपुढे मान टाकते. अशा वेळी महागडा राउटर घेऊ नका, अँटेनाचा पाइप उंच करा. तेही मिरगाआधी.

पैसे घेऊन शेजाऱ्यांना इंटरनेट द्यायचं असेल, तर मनाचा कारभार चालत नाही. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेत मात्र ॲग्रिगेटर कंपनीशी जोडून घेतलं, की चहाटपरीवालाही विनापरवाना वायफाय विकू शकतो.

दारव्हा, पुसद, वणीकडे कुणी असं जाळं चालवत असेल, तर आराखडा आणि खर्चाच्या हिशेबासह आम्हाला जरूर लिहा.