साकुबुनचा तास वाचवू या!

जुलैची किंवा डिसेंबरची जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा, जवळ आली, की पुण्यातल्या जपानीच्या वर्गांत पहिली कुऱ्हाड पडते ती साकुबुनवर, म्हणजे लेखनाच्या तासावर. "सेन्सेई, परीक्षेत लिहायचं कुठे असतं?" विद्यार्थी विचारतात, आणि त्यांचं खरंच आहे. सर्वांत सोप्या एन-५ पासून सर्वांत अवघड एन-१ पर्यंत सगळे प्रश्न पर्यायांचे. जपानीत स्वतःचं एकही वाक्य न लिहिता सर्वांत वरच्या पातळीचं प्रमाणपत्र मिळू शकतं.

म्हणूनच हा तास आपणच वाचवायला हवा.

दोक्काईत, म्हणजे वाचनाच्या तासाला, आपण उतारा वाचतो, पर्याय निवडतो आणि पुढे सरकतो. लेखकाने नेमका हाच शब्द का घेतला, हे मात्र स्वतः लिहायला बसल्यावरच उमगतं. जपानी लेखक नात्सुमे सोसेकींच्या १९०५ साली सुरू झालेल्या कादंबरीतलं निनावी मांजर स्वतःला 'वागाहाई' म्हणवतं. हा मोठ्या रुबाबातला 'मी'. अर्थ शब्दकोशात सापडतो. पण पहिलं पान वाचून झाल्यावर विद्यार्थ्याला सांगा, "आता तुझ्या गल्लीतल्या कुत्र्याला बोलतं कर." तो अडतो. कुत्रा 'ओरे' म्हणेल, 'बोकु' म्हणेल, की 'वाताशी'? मराठीत एका 'मी'वर भागतं; इथे 'मी' ठरला की सगळ्या बोलण्याचा नूर ठरतो. मग तो सोसेकींचं पान पुन्हा उघडतो, आणि आता ते लिहिणाऱ्याच्या नजरेने वाचतो.

पावसाचंही तेच. शितोशितो, पारापारा, झाझा हे पावसाचे जपानी शब्द रिमझिम, भुरभुर, धो धो ऐकत वाढलेल्या कानाला परके नाहीत. कवयित्री शिरीष पै यांनी हायकू हा जपानी काव्यप्रकार मराठीत रुजवला. मग आपल्या मुलांनी पुण्याच्या पावसावर जपानीत हायकू का लिहू नये?

शिक्षकहो, परीक्षेच्या महिन्यातही आठवड्याचा हा एक तास सोडू नका. वही तपासताना चुकांना खूण कराच, पण जमलेल्या वाक्यालाही करा. विद्यार्थ्यांनो, प्रत्येक उताऱ्यानंतर अर्धं पान स्वतःचं लिहा. संस्थाचालकांनो, साकुबुन वेळापत्रकात छापा. कंपन्यांनो, मुलाखतीत प्रमाणपत्राबरोबर उमेदवाराचं एक पानही मागा.

येत्या आठवड्यातच सुरुवात करू या. गल्लीतला तो कुत्रा अजून आपला 'मी' शोधतो आहे; त्याची गोष्ट अर्ध्यावर सोडू नका.