मोरीपलीकडचा उजेड

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर संपादकाने उटणे, फराळ आणि साहित्याची चळवळ यांवर लिहावे असा रिवाज आहे. यंदा आम्ही रस्त्यावर लिहितो आहोत. पिंपळगाव राजाहून भल्या पहाटे खामगावला किंवा मोताळ्याला निघणाऱ्या कुणालाही विचारा, डांबरावर कधी कोल्हा, कधी घोरपड, कधी साप चिरडून पडलेला त्याने पाहिलेला असतो. रातव्याला तर रात्री रस्त्यावरच बसून राहायची खोड. हेडलाइटमध्ये त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि चालकाला उमगेपर्यंत तो चाकाखाली गेलेला असतो. सकाळी चार पिसे उरतात.

वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो. रोह्याला, म्हणजे नीलगाईला, वसुबारस नसते, त्याला शिव्या असतात. हरभरा कोवळा असताना ज्याने थंडीत कुडकुडत जागल केली आहे, त्याला रोह्यासाठी रस्त्याखालून वाट ठेवा असे सांगायला जाणाऱ्याने दोन पावले लांबूनच बोलावे. पण हाच दोन क्विंटलचा रोही रात्री मोटारसायकलपुढे आला की मरतो तो एकटाच नसतो. म्हणजे हा प्रश्न केवळ प्राणिप्रेमाचा नाही, रात्री घरी परतणाऱ्या माणसाचाही आहे.

आपला बुलढाणा जिल्हा या विषयात अगदीच नवखा नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला 2019 च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बसवली होती. पावसाळ्याच्या तोंडाला तो निघाला तो तेलंगणात शिरून, पुन्हा महाराष्ट्रात येऊन, हिंगोली-वाशीम ओलांडत वर्षअखेरीस आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढच्या काही महिन्यांत त्याची चाल 3,000 किलोमीटरच्या वर गेली. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. या वाटचालीत जंगल थोडे आणि वावरे जास्त होती. दिवसा नाल्यातल्या झुडपात पडून राहायचे, रात्री पऱ्हाटीतून चालायचे, महामार्ग ओलांडायचे. ज्ञानगंगा अवघे 205 चौरस किलोमीटरचे, आणि त्यातूनच बुलढाणा-खामगाव रस्ता जातो. बोथ्याच्या त्या रस्त्यावर अस्वल दिसले की माणसे गाडी थांबवून फोटो काढतात. निदान थांबतात तरी.

रेल्वेची गोष्ट अधिक बोलकी आहे. अकोला-खंडवा मीटरगेज मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जायची. धुळघाटला तिने घेतलेला प्रसिद्ध वळसा जुन्या प्रवाशांना अजून आठवतो. 2017 च्या सुरुवातीला ही गाडी बंद झाली आणि रुंदीकरणाचा विषय पुढे आला. जुनाच मार्ग ब्रॉडगेज केला असता तर सुमारे 39 किलोमीटर वाघाच्या घरातून वेगवान गाड्या धावल्या असत्या. वन्यजीवप्रेमींनी हिवरखेड, सोनाळा, जामोदवरून वळवलेला मार्ग सुचवला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, 2021 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही रेल्वेमंत्र्यांना तसे पत्र लिहिले, आणि अखेर बाहेरच्या मार्गाकडे पारडे झुकले. अंतर थोडे वाढते, पण आपल्या संग्रामपूर-जळगाव जामोद भागाला रेल्वे मिळते. खरे सांगायचे तर तिकडच्या लोकांना वाघ नको होता, स्टेशन हवे होते. आम्हाला त्यात काही वावगे वाटत नाही. ‘विकास की जंगल’ असा वाद घालून वक्त्यांची सोय होते. इथे मात्र नकाशावरची रेघ सरकवल्याने दोघांचेही काम होण्यासारखे होते.

रेघ सरकवता येत नसेल तर उचलावी लागते. नागपूर-शिवनी महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून जातो. तिथे 16 किलोमीटरच्या पट्ट्यात रस्त्याखालून नऊ वाटा ठेवल्या आहेत, सर्वांत लांब 750 मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले, तर दहा महिन्यांत 18 जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. वाघ 11 होते, एकूण 89 वेळा गेले. हे सहजासहजी झालेले नाही, त्यासाठी नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षे भांडावे लागले. आपल्या मेहकर-सिंदखेड राजावरून गेलेल्या समृद्धी महामार्गावर प्राण्यांसाठीचे पूल आधीच आराखड्यात होते, हे मोठेच पाऊल. त्यातल्या एकाची कमान 2022 च्या एप्रिलमध्ये निकामी झाली आणि उद्घाटन लांबले, ही गोष्ट वेगळी.

पण महामार्गांचे सोडा. आपल्याकडे प्रश्न आहे तो साध्या रस्त्याच्या मोरीचा. जिल्ह्यातल्या कुठल्याही नव्या रुंद रस्त्याखाली वाकून पाहा. सिमेंटचे दोन-तीन नळे, तोंडाशी गाळ आणि बाभळीचे फास, नळ्याच्या पुढे हातभर खाली तुटलेला उतार. कोल्हा कदाचित शिरेल, रोही किंवा हरीण शिरणार नाही. पलीकडचा उजेड दिसल्याखेरीज ते पाऊल टाकत नाहीत. त्याच जागी उंच चौकोनी मोरी केली, आत एका कडेला पाण्यावर राहील असा कोरडा कट्टा ठेवला आणि दोन्ही बाजूंनी शंभरेक मीटर जाळी लावून प्राण्याला मोरीकडे वळवले, तर बरेच साधते. जाळी नसेल तर मोरी कितीही चांगली असो, प्राणी वरूनच जातो. आणि हे सारे रस्ता बांधतानाच करायचे. झालेला रस्ता फोडून मोरी मोठी करायला कुठलाही अभियंता उत्साहाने येत नाही.

तारांचेही तेच. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही, मग तो विजेच्या तारांवर आपटतो. म्हणून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राजस्थान-गुजरातेतल्या वीजवाहिन्यांत लक्ष घालावे लागले. आपल्याकडची तार मात्र बुटकी असते, शेताच्या कुंपणाची. झटका मशीनचा धक्का जनावराला पळवतो. खांबावरून आकडा टाकून कुंपणात सोडलेला करंट रानडुकराला मारतो, वाघाला मारतो आणि पहाटे पाणी धरायला आलेल्या शेजाऱ्यालाही. झटका मशीन परवडेल अशी सोय गावागावांत झाली, तर आकडे निम्म्याने उतरतील असे आम्हाला वाटते.

खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आम्हीही ती करत आलो आहोत. ही गाडी घाट चढून चिखलीकडे जाईल, म्हणजे रोही, बिबट आणि अस्वल तिच्या वाटेत येणारच. पुढच्या निवेदनात स्टेशनांच्या यादीखाली मोऱ्यांचाही एक परिच्छेद घालायला हवा. निवेदने लिहिणारी मंडळी बहुतेक याच अंकाची वर्गणीदार आहेत, त्यामुळे निरोप वेगळा पाठवत नाही.