छोट्या गोळीचा खोटा भरवसा

हरभऱ्याला घाटे धरले की वानरांच्या टोळ्या शिवारात उतरतात. मग कुठे कुठे माळ्यावरची छऱ्याची बंदूक खाली येते. साध्या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणेच, असा आपला समज. ‘एवढ्याशा छऱ्यानं काय होतंय?’ हे पारावर सर्रास ऐकू येते. वानरांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, ही गोष्ट निराळीच.

छऱ्याची जाडी साडेचार मिलिमीटर, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण तो सेकंदाला शंभर मीटरहून अधिक वेगाने सुटतो. गड्याच्या पाठीवर नुसता वळ उठेलही, पण डोळा त्याला अडवू शकत नाही. दगडावर आपटून उलटलेला छर्राही मेढीआड उभ्या पोराची दृष्टी घेतो.

त्याच्याहून थोडी मोठी ती ‘पॉइंट टू-टू’ची गोळी, ५.६ मिलिमीटरची. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच गोळीवर. त्याचे लक्ष्य ५० मीटरवर होते. म्हणून गोळी ५० मीटरवर थांबते असे नव्हे. मोकळ्या रानात ती किलोमीटरभर आणि त्याहूनही पुढे जाते. नेमबाजीच्या मैदानात लक्ष्यामागे ती अडवण्याची सोय असते. आपल्या बांधामागे काय असते? शेजाऱ्याची खुरपणारी बाई!

आणखी एक खुळी समजूत सिनेमाने दिली आहे. गोळी लागली की माणूस मागे उडून पडतो, आणि जो उभा आहे त्याला फारसे लागलेले नाही. ३० मार्च १९८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांना हीच टू-टूची गोळी लागली, तीही मोटारीवर आपटून उलटलेली. गोळी लागली हे त्यांना कळलेच नाही. बरगडी मोडली असावी असे वाटले. इस्पितळात ते स्वतःच्या पायांनी चालत गेले आणि दारातच कोसळले. गोळी फुप्फुसातून हृदयाजवळ येऊन थांबली होती, रक्त भयंकर गेले होते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली म्हणून वाचले.

तेव्हा जखमी चालतोय, बोलतोय, म्हणून घरी ठेवू नका. बारीक भोकातून बाहेर रक्त कमी येते, आत मात्र साचत राहते. ‘आत राहिली तर विष पसरेल’ म्हणून ब्लेडने किंवा चिमट्याने छर्रा उकरणे हा तर शुद्ध अघोरीपणा. काढायचा की आतच राहू द्यायचा, हे फोटो पाहून डॉक्टर ठरवतील. आपली वसमतची हळद कितीही नामांकित असो, ती या भोकात भरू नका. स्वच्छ फडके दाबून धरा. डोळ्याला लागले असेल तर दाबू नका, चोळू नका, धुऊ नका; वरून वाटी उपडी ठेवून अलगद बांधा. १०८ ला फोन करा आणि बंदूक कोणती, किती अंतरावरून लागली, ते डॉक्टरांना खरे सांगा. पोलिसांच्या भीतीने ‘काटा लागला’ म्हणू नका.