मातृत्वाचा करार आणि जोखमीचा वाटा

अपत्यहीन दांपत्याला मूल हवे असते, दरिद्री स्त्रीला पैसा हवा असतो. उभयतांच्या संमतीने करार होत असेल, तर तिऱ्हाईताने आक्षेप का घ्यावा? मोबदला घेऊन दुसऱ्याचे मूल आपल्या उदरात वाढवण्याच्या व्यवहाराचे, म्हणजेच व्यापारी सरोगसीचे, समर्थन बहुधा या प्रश्नानेच केले जाते. अर्थशास्त्राच्या नवख्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद बिनतोड वाटेल. स्वेच्छेने होणाऱ्या विनिमयात दोन्ही पक्षांचा लाभ असतो, हा त्याचा पहिला धडा. परंतु लाभाची वाटणी पाहताना जोखीम कोणाच्या पदरी पडली हेही पाहावे लागते, हा त्यापुढचा धडा आहे. आणि या व्यवहाराची खरी परीक्षा तेथेच होते.

भारतात हा व्यवहार २००२ पासून खुला झाला. गुजरातेतील आणंद आणि आपली मुंबई ही त्याची मोठी केंद्रे बनली. अमेरिकेच्या मानाने येथील खर्च पुष्कळच कमी असल्याने परदेशी दांपत्यांचा ओघ सुरू झाला. एका जपानी दांपत्याने आणंदमध्ये असा करार केला असता, २००८ मध्ये मूल जन्मण्यापूर्वीच त्यांचा घटस्फोट झाला. बालिकेची कायदेशीर आई कोण आणि तिला पारपत्र कोणत्या देशाचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढच्याच वर्षी विधि आयोगाने व्यापारी सरोगसीवर बंदीची शिफारस केली. २०१५ मध्ये परदेशीयांना दार बंद झाले आणि २०२१ च्या कायद्याने केवळ विनामोबदला, ‘परोपकारी’ सरोगसीच वैध ठरवली.

पण बंदीने बाजार मिटला काय? तो केवळ स्थलांतरित झाला. नेपाळ आणि थायलंड यांनी २०१५ मध्ये, तर कंबोडियाने २०१६ मध्ये मनाई केली. मग युक्रेन आणि जॉर्जिया यांचे महत्त्व वाढले. या प्रवासात जोखीम कोणी सोसली? एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर इस्राएलने नेपाळमधून आपल्या नागरिकांची तान्ही मुले विमानाने सुखरूप नेली. त्यांना जन्म देणाऱ्या स्त्रिया, ज्यांत अनेक भारतीय होत्या, मागे राहिल्या. कंबोडियात २०१८ मध्ये तीसहून अधिक गर्भवतींना मानवी व्यापाराच्या आरोपाखाली अटक झाली, आणि ती मुले स्वतः वाढवण्याच्या अटीवरच त्यांची सुटका झाली. २०२० च्या टाळेबंदीत कीव्हच्या एका हॉटेलात डझनावारी अर्भके आईबापांची वाट पाहत पडून होती. दलाल आणि दवाखाने देश बदलू शकतात. गर्भवती स्त्री आणि नवजात बालक यांना ती सोय नसते.

आपल्या कायद्यानेही हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. गर्भधारणा करणाऱ्या स्त्रीला वैद्यकीय खर्च आणि छत्तीस महिन्यांचा विमा मिळतो, ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु डॉक्टर, प्रयोगशाळा आणि वकील आपले शुल्क घेतात; परोपकाराची अपेक्षा मात्र जिचे शरीर पणाला लागते तिच्याकडूनच! शिवाय पैशाचा मोह नसला, तरी नात्यागोत्यातील दबाव नसतोच असे कोण म्हणेल?

याचा अर्थ जुना बाजार पुन्हा उघडावा असा नव्हे. गरज माणसाला होकार द्यायला लावते. त्या होकाराला निखळ स्वातंत्र्य म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. तथापि उत्तरदायित्वाचा भार पुरवठा करणाऱ्या गरीब देशांवरच टाकणे अन्यायाचे आहे. मागणी जेथून येते, त्या देशांनी गर्भधारणेपूर्वीच बालकाचे पालकत्व आणि नागरिकत्व निश्चित करण्याची हमी द्यावी. इटलीने २०२४ मध्ये परदेशी जाऊन सरोगसी करणाऱ्या आपल्या नागरिकांना गुन्हेगार ठरवले. पण शिक्षेने जन्मलेल्या मुलाचा प्रश्न सुटत नाही. शिक्षा झालीच तर ती दलालाला व्हावी, गर्भवतीला कदापि नव्हे. आणि करार कसाही असो, आपल्या उपचारांविषयीचा अंतिम शब्द त्या स्त्रीचाच असला पाहिजे.

मूल हवेसे वाटणे हा अपराध नव्हे. पण त्या इच्छेची किंमत जोपर्यंत दुसऱ्याच घरातील स्त्री चुकवते आहे, तोपर्यंत त्या व्यवहाराला उभयपक्षी लाभाचा सौदा म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.