शस्त्रक्रिया परदेशात, गुंतागुंत घरी : जबाबदारी कोणाची?

मयूर विहार (दिल्ली) : लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया एक-दोन तासांत आटोपते, तिचा पाठपुरावा मात्र आयुष्यभर करावा लागतो. रुग्ण परक्या देशात शस्त्रक्रिया करून आठवडाभरात विमानाने घरी परततो, तेव्हा पोट कापणारा सर्जन एका देशात आणि त्याचे परिणाम सोसणारा रुग्ण दुसऱ्या देशात, अशी स्थिती निर्माण होते. वैद्यकीय पर्यटनाच्या वाढत्या व्यवहारातील सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. भारताला हा प्रश्न दोन्ही बाजूंनी भेडसावतो. २०१९ मध्ये सुमारे ७ लाख परदेशी नागरिक उपचारांसाठी भारतात आले होते. सुटीत मायदेशी येऊन शस्त्रक्रिया उरकून परतणारे अनिवासी भारतीय आणि स्वस्त उपचारांसाठी परदेशाची वाट धरणारे भारतीय हेही या व्यवहाराचे घटक आहेत.

या प्रश्नाचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण मुंबईत घडले. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील इमान अहमद यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी लक्ष घातल्यावर त्यांना व्हिसा मिळाला. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी मालवाहू विमानातून त्यांना मुंबईत आणण्यात आले आणि ७ मार्च रोजी सैफी रुग्णालयात डॉ. मुफ्फझल लकडावाला यांच्या पथकाने त्यांच्यावर स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. वजन झपाट्याने कमी झाल्याची छायाचित्रे आणि आकडे प्रसिद्ध होऊ लागले.

एप्रिल उजाडताच चित्र पालटले. वजन घटल्याचा दावा खरा नाही आणि प्रकृती खालावली आहे, असा आरोप इमान यांच्या बहिणीने केला. रुग्णालयाने तो फेटाळला. शस्त्रक्रियेचा टप्पा यशस्वीपणे पूर्ण झाला असून रुग्णाला आता मायदेशी नेता येईल, अशी त्यांची भूमिका होती. मायदेशी पुढील उपचारांची सोय नाही, ही कुटुंबाची भीती होती. अखेर ४ मे रोजी इमान यांना अबुधाबीतील बुर्जील रुग्णालयात हलविण्यात आले. २५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांचे तेथे निधन झाले. हृदयविकार आणि मूत्रपिंडाचा विकार यांसह आधीच्या व्याधींतून उद्भवलेली गुंतागुंत, हे कारण तेथील रुग्णालयाने दिले.

त्या वादात बरोबर कोण होते, यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र मागे पडला. उपचार कोठे संपतात, हे आधी कोणी ठरविले होते? शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया पार पडून जखम भरली की एक काम पूर्ण होते. कुटुंबाच्या दृष्टीने रुग्ण उठून बसल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. इमान यांचे प्रकरण टोकाचे होते, तरी या दोन अपेक्षांमधील अंतर प्रत्येक परदेशी रुग्णाच्या बाबतीत असते. फरक इतकाच, की इतरांच्या वेळी कॅमेरे नसतात.

हे अंतर जिवावर का बेतते, याचे उत्तर या शस्त्रक्रियेच्या स्वरूपात आहे. जठराच्या शिवणीतून होणारी गळती बहुधा पहिल्या काही दिवसांत वा आठवड्यांत उघडकीस येते. नाडी जलद होणे, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे ही तिची लक्षणे. नेमक्या याच काळात परदेशी रुग्ण परतीच्या विमानात असतो किंवा नुकताच घरी पोहोचलेला असतो. लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो. सतत उलट्या होत राहिल्यास ब-१ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता निर्माण होऊन मेंदूला कायमची इजा पोहोचू शकते. अशा वेळी ब-१ न देता केवळ ग्लुकोजची सलाइन लावणे घातक ठरते. बायपास पद्धतीच्या शस्त्रक्रियेनंतर आतडे अडकण्याचा प्रकार कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही घडतो. लोह आणि ब-१२ यांची तपासणी तर जन्मभर करावी लागते. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाईस’ या संस्थेने किमान २ वर्षे तज्ज्ञ पथकाकडून पाठपुरावा आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी करण्याची शिफारस केली आहे. आठ दिवसांच्या पॅकेजमध्ये हे बसत नाही.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. मेक्सिकोतील तिहुआना येथे मुख्यतः वजन घटविण्याच्या शस्त्रक्रिया करून परतलेल्या अमेरिकी रुग्णांमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूचा संसर्ग आढळला आणि २०१९ च्या आरंभी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला सावधगिरीची सूचना काढावी लागली. २०२३ मध्ये तुर्कस्तानात वैद्यकीय उपचारांनंतर ६ ब्रिटिश नागरिकांचा मृत्यू झाल्याची नोंद ब्रिटिश सरकारच्या प्रवास सूचनेत आहे. दिल्लीलाही हा विषय नवा नाही. नवी दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रुग्णात सापडलेल्या प्रतिजैविकरोधक घटकाला संशोधकांनी या शहराचे नाव दिले आणि २०१० मध्ये त्यावरून भारताने तीव्र आक्षेप नोंदविला. नावाबद्दलचा रोष समजण्यासारखा होता. रुग्णाबरोबर संसर्गही सीमा ओलांडतो, ही वस्तुस्थिती त्याने बदलली नाही.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू. परदेशात शस्त्रक्रिया करून आलेल्या मयूर विहारमधील एखाद्या रहिवाशाला मध्यरात्री पोटदुखी सुरू झाली, तर कुटुंब त्याला जवळच्या खिचडीपूर येथील लालबहादूर शास्त्री रुग्णालयात नेईल, खासगी रुग्णालय गाठेल किंवा यमुना ओलांडून एम्सकडे धाव घेईल. तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मधील परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. दार उघडेल, पण आतील डॉक्टरपुढे पहिला प्रश्न असेल तो नेमके काय कापले आणि काय जोडले, हा. शस्त्रक्रियेचा तपशील परक्या भाषेत असेल किंवा मुळीच नसेल, तर निदानाचे मोलाचे तास अंदाज बांधण्यात जातील.

भारतातील डॉक्टरांना आंतररुग्णाची कागदपत्रे ३ वर्षे जपून ठेवणे आणि मागणी केल्यास ७२ तासांत देणे २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेने बंधनकारक आहे. ही तरतूद चांगली असली तरी ती मागणीवर अवलंबून आहे. रुग्ण विमानात बसण्यापूर्वी त्याच्या देशातील डॉक्टरकडे उपचारांचे हस्तांतरण झाले पाहिजे, असे बंधन त्यातून येत नाही. वैद्यकीय सेवा १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयीन निकालानंतर ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली. मात्र आपल्या देशी परतलेल्या परदेशी रुग्णाने २ वर्षांच्या मुदतीत येथे येऊन तक्रार लढविणे कठीण, आणि भारतीय रुग्णाने परदेशी रुग्णालयाला येथील आयोगासमोर उभे करणे त्याहून कठीण. विम्याचा आधारही अपुरा आहे. बॉडी मास इंडेक्स ४० किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ असल्याशिवाय लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च भारतीय आरोग्य विम्यात सहसा मिळत नाही, आणि बहुतेक पॉलिसी देशाबाहेरील उपचार मान्य करीत नाहीत. बिघडलेली शस्त्रक्रिया सावरताना अतिदक्षता विभागातील काही दिवसच परदेशात वाचविलेले सारे पैसे गिळून टाकू शकतात.

यावर उपाय अवघड नाहीत. परदेशी रुग्ण स्वीकारतानाच त्याच्या देशातील पाठपुरावा करणाऱ्या डॉक्टरचे नाव रुग्णालयाने नोंदवून घ्यावे. शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल, चाचण्यांचे निकाल, जीवनसत्त्वांचे वेळापत्रक आणि धोक्याची लक्षणे यांचा संच इंग्रजीत व रुग्णाच्या भाषेत डिस्चार्जबरोबरच द्यावा. पॅकेजच्या दरात गुंतागुंतीचा विमा समाविष्ट असावा. वैद्यकीय व्हिसा देणारे सरकार आणि रुग्णालयांचे मानांकन करणाऱ्या यंत्रणा या अटी सहज घालू शकतात. परदेशी जाणाऱ्या भारतीयानेही दर विचारण्याआधी हेच प्रश्न विचारावेत : परत आल्यावर मला कोण पाहणार, आणि त्या डॉक्टरला तुम्ही काय कळविणार?

भारत स्वतःला जगाचे रुग्णालय म्हणून पुढे आणू पाहत आहे. कमी खर्च आणि कुशल हात या त्याच्या जमेच्या बाजू आहेत. तथापि रुग्णाचा विश्वास शस्त्रक्रियागृहातील यशावर जितका अवलंबून असतो, तितकाच सहा महिन्यांनी पलीकडून आलेला दूरध्वनी कोणी उचलतो का, यावरही असतो. ती व्यवस्था उभी राहीपर्यंत गुंतागुंतीची किंमत रुग्ण आणि त्याच्या गावचे रुग्णालयच मोजत राहील.