हृदयाला काय कळतं?

आमच्या सोसायटीत सकाळी दोन पक्ष असतात. चालणारे आणि जिमवाले. दोघांचंही म्हणणं एकच, 'आमचाच व्यायाम खरा!' परवा हा वाद ऐकताना वाटलं, अरे, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या हृदयाला कुणी विचारलंय का?

विचारलंय. १९७५ साली अमेरिकेत मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंच्या हृदयाचा इको काढला. धावणाऱ्या-पोहणाऱ्यांच्या हृदयाचा डावा कप्पा ऐसपैस झालेला, तर कुस्तीगीर आणि गोळाफेक करणाऱ्यांच्या कप्प्याची भिंत जाड. कारण सरळ आहे. धावताना बराच वेळ जास्त रक्त ढकलावं लागतं. जड वजन उचलताना मात्र रक्तदाब क्षणात प्रचंड चढतो आणि त्या दाबाविरुद्ध झगडावं लागतं. पुढच्या अभ्यासांत भिंतीची जाडी इतकी ठळक दिसली नाही, हेही खरं.

पण आपण कुठे खेळाडू? आपल्यासारख्या बैठ्या माणसांवरचा अभ्यास टेक्सासमधला, २०१८ सालचा. वय ४५ ते ६४. एका गटाने दोन वर्षं आठवड्यातून चार-पाच दिवस दम लागेल असा व्यायाम केला. त्यात चार-चार मिनिटांचे जोरकस टप्पेही होते. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता १८ टक्क्यांनी वाढली आणि वयानुसार ताठर होत गेलेलं हृदय पुन्हा लवचिक झालं. दुसऱ्या गटाने योगासनं, तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि वजनं केली. त्यांच्या हृदयाचा ताठरपणा होता तसाच राहिला.

म्हणजे योग आणि वजनं निरुपयोगी का? मुळीच नाही. स्नायूंना, हाडांना ती हवीतच. पण ती केली म्हणजे हृदयाचंही भागलं, हा आपला गोड गैरसमज. आणि गप्पा मारत तीन फेऱ्या मारणाऱ्या आम्हा चालणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. दम कुठे लागतो आपल्याला?

मला खरी टोचणी लागली ती वेगळ्याच गोष्टीची. त्याआधीच्या एका छोट्या अभ्यासात पासष्टीनंतर सुरुवात करणाऱ्यांचा दमसास वर्षभरात वाढला, पण हृदयाचा ताठरपणा काही कमी झाला नाही. उशिरा केलेल्या व्यायामाचाही फायदा असतोच, पण सगळा नाही.

मी अठ्ठावन्नचा. डॉक्टरांना विचारून झालंय, त्यांची हरकत नाही. आता कारण शोधायचं म्हटलं तरी सापडत नाहीये...